जिगला ट्रेबल, सिंगल की असिस्ट? हुक निवडण्याबद्दल सविस्तर

प्रश्न असा आहे: रत्नागिरीच्या आसपास खडकांवरून 30-40 ग्रॅमचे जिग (माशासारखं दिसणारं शिशाचं बनावट आमिष) टाकता, कधी बोटीने बाहेर जाऊन 100 ते 150 ग्रॅमचे. पाकिटातून आलेल्या जिगला शेपटीकडे ट्रेबल (तीन टोकांचा हुक) असतो. जिग खडकात अडकून जातात, लागलेला मासा अर्ध्या वाटेत सुटतो आणि एकदा असिस्ट (छोट्या दोरीने जिगला जोडलेला सुटा हुक) लावून बघितला तर सुरमईने त्याची दोरीच कापली. तेव्हा ट्रेबल ठेवायचा की काढायचा, असिस्ट एक की दोन, वर की खाली, आणि साइझ कुठली?

आधी उत्तर, कारणं मागून. खडकावरच्या जिगचा ट्रेबल काढा आणि डोक्याकडे दोन छोटे असिस्ट लावा. बोटीवरच्या जिगलाही डोक्याकडेच दोन. तळ वाळूचा किंवा चिखलाचा असेल तर शेपटीकडे आणखी एक लावायला हरकत नाही. सुरमई फिरत असेल त्या दिवशी मात्र शेपटीकडे हुक हवाच, आणि असिस्टची दोरी साधी चालणार नाही.

आता कारणांकडे येऊ. बहुतेक जण हुक माशाकडे बघून निवडतात. मासा मोठा, म्हणून हुक मोठा. कोळंबी किंवा बांगड्याचा तुकडा लावून गरवताना हा हिशोब बऱ्यापैकी जमतो, कारण तिथे वास आणि मांस आपलं काम करत असतं. जिग म्हणजे नुसतं शिसं. मासा त्याच्याकडे येतो तो त्याच्या पडण्यामुळे, लोळण्यामुळे, मध्येच चमकून जाण्यामुळे. त्याला जे काही लटकवाल त्याचं वजन आणि पाण्यातला अडथळा ते पडणं बदलून टाकतो. 30 ग्रॅमच्या जिगला दोन-तीन ग्रॅमचा ट्रेबल म्हणजे जवळजवळ दहावा हिस्सा वजन एकाच टोकाला वाढलं. म्हणून मी हुक जिगसाठी निवडतो, मग तळ बघतो, आणि माशाचा विचार त्यानंतर करतो.

हे स्वतः बघून घ्या. थंडीच्या दिवसांत पाणी निवळलेलं असतं तेव्हा भरतीला जेट्टीच्या कडेला उभे राहा, रॉडच्या टोकापासून दोनेक वाव दोरी सोडा आणि जिग सैल पडू द्या. आधी हुकशिवाय, मग ट्रेबल लावून, मग डोक्याकडे दोन असिस्ट लावून. हुकशिवाय जो जिग आडवा होऊन पोट दाखवत डावी-उजवीकडे लोळत जातो, तोच जड ट्रेबल लावल्यावर शेपूट खाली करून सरळ तळाकडे निघतो. असिस्ट लावल्यावर लोळणं थोडं मंदावतं, पण टिकतं. प्रत्येक जिगचं वागणं वेगळं असतं, म्हणून नवीन जिग पहिल्यांदा माशावर टाकण्याआधी अशा पाण्यात बघावाच. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यातून जे कळतं ते पाकिटावर छापलेलं नसतं.

मासा सुटतो तो का

तुमच्या प्रश्नातला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

ट्रेबल स्प्लिट रिंगने (किल्लीच्या कड्यासारख्या दुहेरी कड्याने) थेट जिगच्या शेपटीला जोडलेला असतो. मासा लागला आणि त्याने डोकं झटकलं की दहा-बारा सेंटिमीटर लांबीचं ते कडक शिसं तरफेसारखं काम करतं. प्रत्येक झटक्याला जिगचं सगळं वजन हुकच्या टोकावर आडवं येतं आणि भोक रुंद होत जातं. दोरी क्षणभर सैल पडली की हुक त्या रुंद भोकातून निसटतो. अर्ध्या वाटेत मासा गेला असं आपण म्हणतो ते बहुतेक वेळा हेच असतं.

असिस्टमध्ये हुक आणि जिग यांच्यामध्ये दोन-तीन सेंटिमीटरची मऊ दोरी असते. मासा डोकं झटकतो तेव्हा जिग बाजूला लटकत राहतो आणि हुक मात्र लीडरच्या (जिगला बांधलेल्या शेवटच्या दोरीच्या) रेषेत सरळ ओढला जातो. तरफ तुटते. जिग डोक्याकडे जोडलेला असतानाही हुक स्वतंत्र असतो, हा असिस्टचा खरा फायदा.

दुसरं कारण ताकदीचं. ट्रेबलची दोन टोकं एकदम टेकली तर तुमच्या हिसक्याची ताकद दोन्हीकडे वाटली जाते. हलका रॉड आणि सैल ड्रॅग (रीळमधून दोरी सुटण्याला असलेला अडथळा) असेल तर कुठलंच टोक बार्बच्या (टोकामागच्या उलट्या काट्याच्या) पलीकडे जात नाही. मासा लागल्यासारखा वाटतो, दहा-वीस सेकंद ओढतो आणि जातो. एकच बारीक तारेचं टोक मात्र त्याच ताकदीत आरपार जातं.

ट्रेबल अगदीच टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. मोकळ्या पाण्यात वर उसळणाऱ्या बांगड्या-गेदरच्या थव्यावर जिग लांब फेकून वेगाने गुंडाळायचा असेल, तळाशी संबंधच नसेल, तर ट्रेबल चांगला लागतो. तिथेही मी इन-लाइन सिंगल पसंत करतो. त्याचा डोळा (हुकच्या वरचं भोक) असा वळवलेला असतो की स्प्लिट रिंगमध्ये तो सरळ राहतो, टोक आडवं फिरत नाही. मासा काढायला सोपा, आणि बोटीवर तडफडणाऱ्या माशाच्या तोंडातून ट्रेबलची उरलेली दोन टोकं आपल्या तळहातात शिरण्याची भीती नाही. बार्ब असलेला हुक बोटात खोल शिरला तर समुद्रावर ओढाताण करू नका, डॉक्टरकडे जा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा.

एक की दोन, वर की खाली

मासा जिगला कुठे धरतो हे शोधायचं असेल तर रंग उडालेला जुना जिग हातात घ्या. उजेडात तिरका धरून ओरखडे बघा. हेकरू आणि तांबोशी यांनी मारलेल्या जिगवर ओरखडे वरच्या अर्ध्या भागात, डोळ्याच्या आसपास जास्त दिसतात; हे मासे भक्ष्य डोक्याकडून तोंडात घेतात, बहुतेकदा जिग पडत असताना. सुरमईचे ओरखडे वेगळे ओळखू येतात. पातळ, सरळ, कापल्यासारखे, आणि बरेचसे शेपटीकडच्या अर्ध्यात. ती आधी शेपूट कापून भक्ष्याला लंगडं करते, मग वळून उचलते. म्हणूनच डोक्याकडे कितीही चांगले असिस्ट असले तरी सुरमईचा धक्का बसून ती न लागण्याचं प्रमाण जास्त.

डोक्याकडे दोन असिस्ट लावायचं कारण असं की एक तोंडात लागला की दुसरा बाहेरून गालाला किंवा जबड्याला धरतो आणि मासा दोन्हीकडून पकडला जातो. दोन्हीच्या दोऱ्या सारख्या लांबीच्या ठेवू नका. एक अर्ध्या सेंटिमीटरने आखूड ठेवली की ते एकमेकांत कमी गुंततात.

एकच हुक कधी? लांब, अरुंद जिग जोरात वर खेचायचा असेल तेव्हा, आणि खडपावर (पाण्याखालच्या खडकाळ जागेवर) मोठ्या हेकरूसाठी उतरवताना. वेगात दोन हुक लीडरला गुंडाळतात. खडपावर दुसरं टोक म्हणजे अडकण्याची दुसरी जागा. तिथे डोक्याकडे एकच, जाड तारेचा हुक लावा आणि ड्रॅग घट्ट ठेवा, कारण हेकरू लागल्या लागल्या बिळाकडे वळतं आणि पहिल्या काही मीटरमध्येच सगळं ठरतं.

जपानमध्ये नोरिहिरो सातो यांनी रुजवलेल्या स्लो-पिच पद्धतीत वर दोन आणि खाली दोन, असे चार बारीक हुक लावलेले दिसतात. आपल्याकडे व्हिडिओ बघून तेच उचललं जातं. त्या पद्धतीत जिग आडवा पडतो, मासा कुठूनही येतो आणि मऊ रॉडमुळे जोरदार हिसका बसत नाही, म्हणून चार बारीक टोकं उपयोगी पडतात. कोकणातल्या बऱ्याच वाळू-चिखलाच्या तळावर तेही चालेल. पण तांडेलाने खडप दाखवून "इथे टाका" म्हटलं की खालचे दोन आधी काढून ठेवा. तळाला आधी टेकते ती शेपूट, आणि टेकल्या टेकल्या अडकतो तो शेपटीचा हुक. खडकावरून टाकताना तर हे अजून लागू आहे. आपल्या खडकांवर कालवांची धार असते, आणि अडकलेला जिग सोडवताना ब्रेडही (रीळवरची विणलेली मुख्य दोरी) त्यावर घासून जाते. नुसता शेपटीचा हुक काढल्याने जिग जाण्याचं प्रमाण किती घटतं ते तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसेल.

विजयदुर्गपासून सुमारे 105 किलोमीटर पश्चिमेला असलेल्या आंग्रिया बँकेसारख्या प्रवाळाच्या जागेबद्दल वेगळं सांगायला नको. तिथे शेपटीचा हुक जिग घालवतो तो घालवतोच, वर प्रवाळ मोडतो. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालंय. त्या बाजूला जाणार असाल तर हद्द आणि नियम आधी विचारून घ्या.

साइझ

हुकच्या नंबरवर फार विसंबू नका. एका कंपनीचा 2/0 दुसरीच्या 3/0 एवढा असतो (/0 च्या आधीचा आकडा जेवढा मोठा, तेवढा हुक मोठा). हुक जिगशेजारी धरून डोळ्याने ठरवा.

मी बघतो ते असं. हुक जिगवर आडवा घालून बघतो, जिथे तो पाण्यात लोंबणार आहे तिथेच. हुक जिगवर नेमका बसून घट्ट राहिला तर ती साइझ त्या जिगसाठी वाईट. पाण्यात तो असाच जिगला धरून बसणार, टोक झाकलं जाणार आणि मासा आला तरी लागणार नाही. अरुंद, लांब जिगसाठी एक साइझ मोठा घ्या, म्हणजे हुक जिगवर चढला तरी टोक मोकळं बाहेर राहतं. रुंद, पानासारख्या जिगसाठी उलट, एक साइझ छोटा, म्हणजे तो जिगवर चढूच शकत नाही.

सुरुवातीला हाताशी ठेवायला म्हणून: 30-40 ग्रॅमला 1 किंवा 1/0, 100 ते 150 ग्रॅमला 2/0 ते 3/0, हेकरूसाठी एकच लावायचा असेल तर 4/0 किंवा 5/0. बांगडे, छोटे मासे यांच्यासाठी दहा-वीस ग्रॅमचे जिग असतील तर अगदी बारीक जोडी लागते.

लांबीही तेवढीच महत्त्वाची. डोक्याकडच्या असिस्टचं टोक जिगच्या वरच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत यावं, अर्ध्याच्या खाली जाऊ नये. शेपटीकडेही हुक लावणार असाल तर वरचं आणि खालचं टोक एकमेकांना भिडता कामा नये. भिडले की जिग धनुष्यासारखा बांधला जातो आणि तुम्ही वर काढेपर्यंत फुकट फिरत राहतो. आणि असिस्ट उलटा वर केला तर तो लीडरवर फार वर पोचू नये. फार मऊ दोरी लीडरला गुंडाळते, फार कडक दोरी हुकला माशाच्या तोंडात सहज जाऊ देत नाही. बोटाने वाकवली तर वाकावी आणि सोडली की हळूहळू सरळ व्हावी, इतपत कडकपणा चांगला.

तारेची जाडी

हलकी ब्रेड आणि मऊ रॉड असेल तर बारीक तार. पीई 3-4 ची (हा दोरीच्या जाडीचा नंबर) ब्रेड, कडक रॉड आणि घट्ट ड्रॅग असेल तर जाड. उलट केलं की दोन्हीकडे नुकसान: बारीक हुक घट्ट ड्रॅगवर सरळ होतो, आणि जाड हुक मऊ रॉडने शिरतच नाही. तुमच्या वर्णनावरून खडकावरचा तुमचा सेट हलका आहे, तेव्हा तिथे बारीक तार घ्या.

सर्कल हुक जिगला लावावा का असंही कधीकधी विचारलं जातं. तो आमिष गिळणाऱ्या माशासाठी आहे; मासा गिळून वळतो तेव्हा तो तोंडाच्या कोपऱ्यात बसतो. जिग मासा गिळत नाही, धरतो आणि सोडतो. माझ्या मते जिगला तो नको.

सुरमई आणि दोरी

सुरमईच्या दातांपुढे साधी असिस्टची दोरी टिकत नाही, केवलारचीसुद्धा. दोन उपाय आहेत. आतून बारीक तार असलेली असिस्टची दोरी मिळते, ती वापरा. किंवा त्या दिवशी डोक्याकडचे असिस्ट तसेच ठेवून शेपटीकडे स्प्लिट रिंगला थेट एक इन-लाइन सिंगल लावा. मध्ये दोरीच नाही, तर कापायचं काय? मी हा दुसरा उपाय जास्त वापरतो, कारण सुरमई येते तीच शेपटीवर. जिग वेगाने वर आणत राहा, तळाला टेकू देऊ नका, म्हणजे खालचा हुक अडकायचा प्रश्न येत नाही. लीडरपुढे दहा-पंधरा सेंटिमीटर एकेरी तार लावली तर जिग वाचतो, पण स्वच्छ पाण्यात धक्के कमी होतात. तेवढं तुम्ही त्या दिवसाच्या पाण्यावरून ठरवा.

दोरी कापणारा दुसरा मासा केंड. असिस्टला लावलेली चमकी किंवा पिसं त्याला फार आवडतात. चमकीने मासा येतो हे खरं, जिगचं पडणंही थोडं हळू होतं. पण केंड लागायला लागले की चमकी काढून साधे हुक ठेवा, नाहीतर एकेक करून सगळे असिस्ट जातील.

जोडणी, आणि असिस्ट घरी बांधणं

लीडरची गाठ सॉलिड रिंगला (अखंड, चिरा नसलेल्या कड्याला) मारा, स्प्लिट रिंगला कधीच नाही. स्प्लिट रिंगचं कापलेलं टोक गाठीवर घासतं आणि नेमक्या मोठ्या माशाला गाठ सुटते. क्रम असा: लीडर सॉलिड रिंगला, त्याच सॉलिड रिंगला असिस्टची दोरी, आणि सॉलिड रिंग व जिग यांना जोडायला स्प्लिट रिंग. अशाने मासा लागल्यावर ओढ लीडर, सॉलिड रिंग आणि हुक एवढ्यातूनच जाते. जिग आणि स्प्लिट रिंग त्या ओढीत येतच नाहीत.

तयार असिस्ट महाग पडतात, म्हणून बांधायला शिका. दोरीचा घडी घातलेला तुकडा घ्या. दोन्ही मोकळी टोकं हुकच्या टोकाच्या बाजूने डोळ्यातून आत घाला आणि दांड्याला लागून त्याच्या लांबीने ठेवा. या बाजूने घातली की ताण आल्यावर हुकचं टोक आत वळतं, उलट्या बाजूने घातली तर बाहेर पळतं. मग बारीक पीई दोऱ्याने डोळ्यापासून खाली आणि परत वर असे घट्ट वेढे द्या, प्रत्येक वेढा शेजारच्याला चिकटून. वर सुपर ग्लूचा एक थेंब, तो सुकला की श्रिंक ट्यूब (धग लागली की आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवून लायटरची धग लांबून द्या. दोरीला ज्योत लागली तर ती जोडणी फेकून द्या, ती आतून कमकुवत झालेली असते. शेवटी वरच्या फाशात सॉलिड रिंग अडकवा, हुक पक्कडीत धरून जोरात ओढून बघा. इथे सुटला तर बरंच झालं.

निगा आणि सोडून देणं

घरी आल्यावर जिग आणि हुक गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, नुसती धार सोडू नका. मीठ श्रिंक ट्यूबखाली आणि डोळ्याच्या आत बसतं आणि हुक तिथूनच सडतो. बाहेरून टोक चकचकीत आणि आत तपकिरी, असं होतं. टोकाची परीक्षा अंगठ्याच्या नखावर घ्या: हलकेच टेकवून सरकवा. ओरखडा काढत अडकलं तर चांगलं, घसरलं तर बदला. कानस मारून धार येते, पण लेप जातो आणि पुढच्या फेरीला गंज दिसतो, म्हणून मी जिगचे हुक शक्यतो बदलतोच.

ज्यांना मासा सोडून द्यायचा असतो त्यांनी पक्कडीने बार्ब दाबून टाकावा. दोरी ताणलेली ठेवली तर मासा त्यामुळे फारसा सुटत नाही. हेकरूच्या बऱ्याच जाती मादी म्हणून वाढतात आणि मोठेपणी नर होतात, त्यामुळे एखाद्या खडपावरचे सगळे मोठे मासे काढले की तिथली वीणच अडखळते. छोटं हेकरू आणि अवाढव्य हेकरू, दोन्ही जिवंत परत जावीत असं मला मनापासून वाटतं, आणि ओठाला लागलेला एक असिस्ट हुक क्षणात निघतो. कल्ल्यात रुतलेला ट्रेबल निघेपर्यंत मासा संपलेला असतो.

आता तुम्ही नेमकं काय घ्यायचं. 1/0 चे बारीक तारेचे आणि 3/0 चे मध्यम तारेचे असिस्ट हुक, एक पाकीट प्रत्येकी. 2/0 चे इन-लाइन सिंगल सुरमईसाठी. सॉलिड रिंग, जरा मजबूत स्प्लिट रिंग आणि स्प्लिट रिंग उघडायची पक्कड, जिच्याशिवाय नखं तुटतात. असिस्टची दोरी दोन प्रकारची, साधी आणि तारेची. आहेत त्या जिगचे ट्रेबल काढून एका डबीत ठेवा, थव्यावर वेगाने टाकायच्या दिवशी लागतील. पहिल्यांदा 40 ग्रॅमच्या एकाच जिगवर दोन 1/0 लावून जेट्टीवर पडणं बघा. जमलं नाही तर जिगचा फोटो आणि तो किती रुंद आहे ते कळवा, त्यावरून साइझ सांगतो.